बादलीतलं दूध : मुरबाडच्या एका कळपातील सीएई (शेळ्यांचा संधिदाह-मेंदूदाह) तपासणीचं प्रकरण

पावसाळा ओसरत आला होता. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे माळशेजचा रस्ता सोडून आत गेल्यावर एक शेळीपालन आहे. तिथून फोन आला. "डॉक्टर, आणखी एकीचा गुडघा सुजलाय. मागं दोघींना दिलं होतं तेच इंजेक्शन घेऊन या."

आठ महिन्यांत ही तिसरी. पहिलीचा पाय शेडच्या फळ्यांत अडकून मार लागला असावा, असं मी धरलं होतं. दुसरीला ओलीचा त्रास झाला असेल, असं वाटलं होतं. दोघींना वेदनाशामक दिलं, दोघी आठवडाभर बऱ्या चालल्या आणि पुन्हा लंगडायला लागल्या. या वेळी गाडी काढण्याआधी मी जुन्या नोंदी उघडल्या. मे महिन्यात याच ठिकाणचं तीन महिन्यांचं करडू मागच्या पायांनी लुळं पडून मेलं होतं. त्याला ताप नव्हता, डोळे टवटवीत होते, बाटली तोंडाशी धरली की दूध प्यायचं, फक्त मागचा भाग उचलत नव्हतं. तांब्याची कमतरता, मणक्यातला गळू, डासांमार्फत शिरणाऱ्या सेटारिया कृमीच्या अळ्या, अशा शक्यता मी तेव्हा लिहून ठेवल्या होत्या. शवविच्छेदन केलं नाही. ते करायला हवं होतं, आणि हे प्रकरण लिहिताना ती उणीव मला सगळ्यात जास्त बोचते.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण ठाणे जिल्ह्यात दुधासाठी शेळ्या पाळणारे वाढताहेत. दुधाच्या शेळ्या विकत घेताना वय, वेत, कास, सड सगळं पाहिलं जातं. रक्त कुणी पाहत नाही.

कळप

डोंबिवलीच्या एमआयडीसीतली नोकरी सुटल्यावर या जोडप्याने, म्हणजे दादा आणि वहिनींनी, गावच्या जागेत शेळ्या पाळायला घेतल्या. सुरुवातीला गावठी आणि उस्मानाबादी शेळ्या होत्या, बोकडं विकायची, बस्स. मग एका वर्षी डेंग्यूची साथ जोरात असताना कल्याणहून, ठाण्याहून लोक गाड्या घेऊन शेळीच्या दुधासाठी दारात यायला लागले. शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात हा समज शहरात पक्का आहे. त्याला ठोस वैद्यकीय आधार नाही, आणि तापाने खचलेल्या माणसाला न उकळलेलं दूध पाजणं उलट धोक्याचं. पण मागणी खरी होती. गावठी शेळी करडांपुरतं दूध देते, विकण्याइतकं नाही. म्हणून दादांनी एका व्यापाऱ्याकडून सानेन या दुधाळ परदेशी जातीच्या नऊ संकरित शेळ्या आणल्या. पांढऱ्या, उंच, कास भरलेली. त्याला आता अडीच वर्षं झाली होती.

मी गेलो त्या दिवशी कळपात 31 मोठ्या शेळ्या, 3 बोकड, सहा महिन्यांवरच्या 6 पाठी (न व्यालेल्या तरुण माद्या) आणि लहान करडं होती. 31 मधल्या 9 त्या आणलेल्या, 8 इथेच जन्मून मोठ्या झालेल्या आणि 14 जुन्या गावठी, म्हणजे आणलेल्या शेळ्या यायच्या आधीपासूनच्या. ही विभागणी मी त्या दिवशी सहज लिहून घेतली. पुढे तिचाच उपयोग झाला.

शेड चांगली होती. मुरबाडच्या पावसात शेळी जमिनीवर ठेवली तर खूर सडतात आणि छाती भरते, म्हणून फळ्यांचा उंच मजला, खाली लेंड्या पडायला मोकळी जागा. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी वेळेवर दिलेल्या. जंतनाशकाची तारीख भिंतीवर लिहिलेली. निष्काळजी माणसांचा हा गोठा नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

गुडघ्यातलं पाणी

तिन्ही शेळ्यांचे पुढचे गुडघे सुजलेले. दाबल्यावर सूज मऊ, आत पाणी साचल्यासारखी. सांधा गरम नव्हता. ताप कुणालाच नाही. खाणं ठीक, पण तिघी पाठीवरून उतरलेल्या. एक तर चारा खायला गुडघ्यांवर टेकत होती, आणि तिथले केस घासून गेले होते. मी शिंप्याच्या टेपने तिघींच्या गुडघ्यांचा आणि त्याखालच्या नळीचा घेर मोजला, म्हणजे पुढच्या वेळी "जरा वाढल्यासारखं वाटतंय" असं अंदाजाने बोलावं लागू नये.

मग वहिनींनी चौथी शेळी दाखवली, जिच्याबद्दल फोनवर कुणी बोललंच नव्हतं. आणलेल्यांपैकीच एक, पंधरा दिवसांपूर्वी व्यालेली. कास भरलेली दिसत होती, पण हाताला दगडासारखी टणक. सडातून थोडं दूध आलं, ते अगदी साफ. गाठी नाहीत, रक्त नाही, कासदाहाची चाचणी निगेटिव्ह. "दोन करडांना पुरेल एवढंही देत नाही," वहिनी म्हणाल्या. "मागच्या वेताला हीच दोन लिटर द्यायची."

मोठ्या शेळ्यांत हळूहळू वाढणारी गुडघ्याची सूज, व्याल्यावर टणक झालेली पण दुधात दोष नसलेली कास, आणि कोवळ्या करडाचा लुळेपणा. तिन्ही एकाच दावणीत दिसल्यावर शेळ्यांचा संधिदाह-मेंदूदाह, म्हणजे सीएई, मनात यायलाच हवा. तो आठ महिने उशिरा आला.

लगेच तिथे उडी मारता येत नव्हती. मायकोप्लाझ्मा हा जिवाणूही सांधे धरतो, पण त्यात बहुधा ताप असतो, करडं पटापट मरतात, कासेतून पू येतो, डोळे लाल होतात. ब्रुसेला या जिवाणूनेही सांधे सुजतात. म्हणून एका सांध्यातलं पाणी काढलं. पुवाचं नव्हतं, तांबूस-तपकिरी होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक एककेंद्रकी पेशी. जिवाणूंच्या संसर्गात असतात तशा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या झुंडी नव्हत्या. यातून निदान होत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं.

या रोगाची ओळख फार जुनी नाही. 1974 साली अमेरिकेत करडांच्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या दाहाचं वर्णन झालं, 1980 मध्ये सांधे सुजलेल्या शेळीतून विषाणू वेगळा काढला गेला. विषाणू लेंटिव्हायरस गटातला. 'लेंटी' म्हणजे मंद. एकदा शिरला की पेशींच्या जनुकांत आपली प्रत बसवतो आणि शेळी जगेल तोवर तिथेच राहतो. अँटीबॉडी तयार होतात, पण त्या त्याला हटवू शकत नाहीत. लस नाही, औषध नाही. मेंढ्यांतला मेडी-व्हिस्ना याचा सख्खा भाऊ, आणि तो शेळ्यांतही येऊ शकतो. भारतातही शेळ्यांत याच्या अँटीबॉडी सापडल्याच्या नोंदी आहेत.

यातली अवघड बाब अशी की बहुतेक बाधित शेळ्यांना काहीच होत नाही. त्या खातात, माजावर येतात, वितात, दूध देतात. लंगडणाऱ्या तीन शेळ्या म्हणजे रोगाचं फक्त वर आलेलं टोक. बाकीचा रोग कुठे लपलाय, ते रक्तच सांगतं.

सुई टोचण्याआधी

दादा म्हणाले, "करूया तपासणी, उद्याच काढा रक्त." मी थांबवलं. पायरीवर बसून आम्ही तासभर बोललो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा तास तोच.

मी विचारलं, "समजा अर्ध्या शेळ्या पॉझिटिव्ह निघाल्या, तर काय कराल?" दादा म्हणाले, "विकून टाकू." "कुणाला?" त्यावर ते गप्प बसले. "आणि फक्त एकच निघाली, तीही ठणठणीत दिसणारी, तर?" याचंही उत्तर नव्हतं. उत्तर नसताना रक्त काढलं की अहवाल कपाटात जातो आणि शेळ्या आहेत तिथेच राहतात. असं मी इतर ठिकाणी पाहिलं आहे.

आकड्यांचं एक गणितही मी त्यांना जमिनीवर काडीने मांडून दाखवलं. समजा चाचणी शंभर बाधितांपैकी 95 पकडते आणि शंभर निरोगींपैकी 97 ना निरोगी म्हणते. हजार शेळ्यांत रोग फक्त 10 जणींना असेल, तर चाचणी त्यातल्या नऊ-दहा पकडेल, पण 990 निरोगींपैकी तीसेक शेळ्यांनाही पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे पॉझिटिव्ह निघालेल्या चारपैकी तीन निरोगी. त्याच चाचणीत हजारातल्या 400 बाधित असतील, तर 380 पकडल्या जातील आणि चुकीच्या फक्त 18. चाचणी तीच, तिच्या उत्तराचं वजन मात्र कळपात रोग किती आहे त्यावर ठरतं. या कळपात लक्षणं दिसत होती, तेव्हा पॉझिटिव्हवर विश्वास ठेवायला जागा होती. जिथे काहीच लक्षण नाही अशा कळपात एका पॉझिटिव्हवर शेळी कापायला पाठवू नये, ती पुन्हा तपासावी.

निगेटिव्हचं उलट. संसर्ग झाल्यावर अँटीबॉडी दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, काही शेळ्यांत आणखी उशीर होतो. म्हणून आजची निगेटिव्ह सहा महिन्यांनी पॉझिटिव्ह निघू शकते. एका तपासणीने कळप स्वच्छ ठरत नाही.

त्या तासाभरात ठरलं ते असं. अंगाने खचलेल्या पॉझिटिव्ह शेळ्या मांसासाठी जातील, बाकीच्या वेगळ्या ठेवायच्या, दूध चालू ठेवायचं, आणि दर सहा महिन्यांनी निगेटिव्ह गटाचं रक्त पुन्हा तपासायचं. वहिनींनी ते त्यांच्या वहीत लिहून घेतलं. दादांना सही करायला लावली.

लहान करडांचं रक्त मुद्दाम घेतलं नाही. चिकातून आलेल्या आईच्या अँटीबॉडी त्यांच्या रक्तात सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे निकाल आईचा येतो, करडाचा नाही. म्हणजे 31 शेळ्या, 3 बोकड आणि 6 पाठी, एकूण 40 नमुने.

रक्त मानेच्या शिरेतून, प्रत्येकीला नवी सुई. हे सांगितल्यावर दादांचा चेहरा बदलला. जंताचं इंजेक्शन ते स्वतः देत, एकच सिरिंज, एकच सुई, अख्खा कळप. दूषित सुई हाही या विषाणूचा रस्ता आहे, आणि तो इथे उघडा होता. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहिला. नळ्या तिरप्या ठेवून रक्त गोठू दिलं, सीरम वेगळं केलं आणि बर्फाच्या डब्यातून संध्याकाळपर्यंत कल्याणला आणलं. उन्हात गाडीच्या डिकीत पडलेलं, लालसर झालेलं सीरम एलायझाला, म्हणजे अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीला, दगा देतं, म्हणून ही घाई. याच रक्तावर ब्रुसेलाची रोझ बंगाल चाचणीही करून घेतली.

ब्रुसेलाचं कारण माणसं. सीएई माणसाला होत नाही, ब्रुसेला होतो, तोही कच्च्या दुधातून. माल्टा बेटावर सैनिकांना वर्षानुवर्षं ताप येत राहिला. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लीज झमिट यांनी तेव्हा शेळ्यांचं रक्त तपासून दाखवलं. तोवर धडधाकट दिसणाऱ्या त्या शेळ्यांवर कुणाचा संशयच नव्हता. या कळपात ब्रुसेला एकीलाही निघाला नाही. तरीही डेंग्यूच्या गिऱ्हाइकांना दूध उकळूनच प्यायला सांगायचं, हे मी बजावून आलो.

वही

निकाल : 14 पॉझिटिव्ह, 2 संशयास्पद, 24 निगेटिव्ह. आणलेल्या 9 पैकी 7 पॉझिटिव्ह. इथे जन्मलेल्या 8 पैकी 4, शिवाय एक संशयास्पद. पाठींपैकी एक पॉझिटिव्ह, एक संशयास्पद. एक बोकड. आणि जुन्या 14 गावठी शेळ्यांपैकी फक्त एक.

याच 14 जुन्या शेळ्या अडीच वर्षं त्याच शेडमध्ये, त्याच हवेत, त्याच गव्हाणीवर होत्या. सुईही तीच. तरी त्यांच्यात एक, आणि नव्या पिढीत निम्म्या. मी तो कागद घेऊन पुन्हा गेलो आणि विचारलं, करडांना दूध कसं देता?

वहिनींनी अभिमानाने सांगितलं, आणि तो अभिमान खोटा नव्हता. गावठी शेळीला तिळं झालं की एखादं करडू मागे पडतं आणि मरतं. आणलेल्या शेळ्यांना दूध भरपूर. म्हणून रोज सकाळी त्या सगळ्यांचं दूध एका बादलीत एकत्र करून, कोमट असतानाच बाटल्यांनी करडांना पाजायचं. पहिल्या दिवसाचा चीकसुद्धा जास्त असेल तिच्याकडून घेऊन नसेल तिच्या करडाला. या पद्धतीने दोन वर्षांत करडांची मर खूप कमी झाली होती. कुठलं करडू आईवर वाढलं आणि कुठलं बादलीवर, हे वहीत नावानिशी होतं.

आम्ही वही आणि अहवाल शेजारी ठेवले. इथे जन्मलेल्या चारही पॉझिटिव्ह बादलीवरच्या. पॉझिटिव्ह पाठ बादलीवरची. दोन्ही संशयास्पद बादलीवरच्या. मे महिन्यात मेलेलं करडू तिळ्यातलं, त्याची आई निगेटिव्ह, आणि ते बादलीवर. त्याच्या मृत्यूचं कारण म्हणून सीएई लिहिता येत नाही, कारण मी मेंदू पाहिलाच नाही. पण वहीतली ती ओळ वाचल्यावर आम्ही तिघंही काही वेळ बोललो नाही.

हा विषाणू मुख्यतः चीक आणि दूध यांतूनच आईकडून करडाकडे जातो. दुधातल्या पेशींतच तो बसलेला असतो. एका बाधित शेळीने आपल्या करडाला पाजलं तर एक-दोन करडांना धोका. तिचं दूध बादलीत मिसळलं तर त्या बादलीवरच्या प्रत्येक करडाला. मायेने केलेल्या एका गोष्टीने रोग घरोघर पोचवला होता. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना सांगितलं की ही बादली पुष्कळ कुक्कुटपालन-शेळीपालनाच्या शिबिरांत चांगली पद्धत म्हणून शिकवली जाते, आणि निरोगी कळपात ती चांगलीच आहे. हे सांत्वनासाठी नव्हतं, खरं होतं.

माझ्याकडून एक चूक याच भेटीत झाली. विषाणू कसा वागतो हे समजावताना मी म्हणालो, माणसांच्या एड्सच्या विषाणूच्या कुळातला आहे हा. कामावरचा मुलगा जवळच होता. चार दिवसांत गावात "शेळ्यांना एड्स झालाय" पसरलं, आठवड्यात ते ठाण्याच्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर पोचलं. दुधाची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मी स्वतः एकेकाला फोन करून सांगितलं की कूळ एक असलं तरी हा विषाणू माणसाला लागत नाही, दुधातून नाही, मांसातून नाही. काही परत आली, काही आली नाहीत. तेव्हापासून ही तुलना मी गोठ्यात करत नाही.

विकायचं कुणाला

दादांचे मेहुणे आले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, सातही पांढऱ्या शेळ्या बाजारात काढा, कास बघून कुणीही घेईल, गुडघे सुजलेल्या तेवढ्या खाटकाला द्या. व्यवहार म्हणून त्यात खोट नव्हती. या शेळ्या तशाच कुणीतरी आधी दादांना विकल्या होत्या. त्या व्यापाऱ्यालाही ठाऊक नसेल कदाचित.

वहिनी म्हणाल्या, "आपल्या दारातली पीडा दुसऱ्याच्या दारात नाही नेऊन सोडायची." मेहुणे थोडे चिडले, मग गप्प झाले. मी एवढंच जोडलं की म्हशाच्या जत्रेत किंवा कल्याणच्या बाजारात सुटलेली दुधाची शेळी कुठे जाते हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तिथेही कुणाकडे तरी एक बादली असेलच.

खाटकाला देण्यात गैर काही नव्हतं. दोन्ही गुडघे पूर्ण धरलेल्या दोघी आणि टणक कासेची एक, अशा तीन गेल्या. पॉझिटिव्ह बोकड सुदृढ होता, तोही मांसासाठी गेला. त्याला पैदाशीसाठी मागणारा शहापूरचा एक माणूस होता, त्याला कारण सांगून नकार दिला. उरलेल्या 10 मागच्या शेडमध्ये.

मागची शेड म्हणजे पूर्वी पेंढा ठेवायची जागा. दोन्ही गटांमध्ये किमान दोन-तीन मीटर अंतर, पाण्याची आणि चाऱ्याची भांडी वेगळी, दूध काढताना आधी पुढच्या शेळ्या, शेवटी मागच्या. सुया माणशी नव्हे, शेळीगणिक. बिल्ला मारायचा चिमटा प्रत्येक कानानंतर जंतुनाशकात. ऐकायला सोपं वाटतं, पण पहाटे पाच वाजता, एकच माणूस दूध काढणारा असताना, हा क्रम रोज पाळणं किती जड जातं ते मी पाहिलं आहे.

थर्मास

खरी कसोटी पुढच्या वितांची होती. मागच्या शेडमधल्या शेळ्या गाभण होत्या. नियम असा की करडू बाहेर पडताच, आईने चाटायच्या आधी उचलायचं, पुसायचं, दुसरीकडे न्यायचं. आणि पहिल्या दोन तासांत त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, वजनाच्या किलोमागे साधारण 50 मिलि, दिवसभरात वजनाच्या दहा टक्के. चिकाशिवाय करडू वाचत नाही. पण आईचा चीकच तर विषाणू वाहतो.

उपाय म्हणजे तो तापवायचा, 56 अंशांवर एक तास. त्यात विषाणू मरतो आणि अँटीबॉडी टिकतात. घरातल्या बायकांना हे सांगितल्यावर सगळ्या हसल्या, कारण चीक आणि विस्तव यांचं नातं आपल्याला एकच माहीत आहे, खरवस. आणि भीती तीच होती. 60 अंशांच्या वर गेला की चीक जमायला लागतो, अँटीबॉडी वाया जातात, आणि करडाच्या बाटलीत वड्या उरतात.

पहिले दोन प्रयत्न खरवसातच गेले. मग वहिनींनी जुना चहाचा थर्मास काढला. आत आधी गरम पाणी भरून तो तापवायचा. चिकाचं पातेलं दुसऱ्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवून, सतत ढवळत 57 अंशांपर्यंत न्यायचं, थर्मासातलं पाणी ओतून त्यात चीक भरायचा, बूच लावून तासभर ठेवायचं. तासानंतर झाकण उघडून पुन्हा थर्मामीटर. 56 च्या खाली गेला असेल तर तो चीक फेकायचा. त्याआधी तीन दिवस त्यांनी नुसतं पाणी भरून थर्मास किती उष्णता धरतो ते मोजलं होतं. ही कल्पना मी दिलेली नव्हती. तयार चीक छोट्या बाटल्यांत भरून शीतपेटीत गोठवला, म्हणजे रात्री-अपरात्री कामाला येईल. पुढे रोजचं दूध मात्र सरळ उकळून, कोमट करून.

त्या हंगामात मागच्या शेळ्यांना 22 करडं झाली. तीन मेली, दोन हगवणीने आणि एक छाती भरून. आईवर वाढली असती तर कदाचित त्यातली एखादी वाचली असती. या पद्धतीची ही किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. उरलेल्या 19 करडांचं रक्त आठव्या महिन्यात तपासलं : 18 निगेटिव्ह, 1 पॉझिटिव्ह. ती पॉझिटिव्ह पाठ कुठली, हे वही न बघताच वहिनींनी ओळखलं. वीज गेली होती, रात्री तीनच्या सुमारास शेळी व्याली, आणि कुणी पोचेपर्यंत करडू आईच्या सडाला लागलेलं होतं.

फेऱ्या

दोन संशयास्पद शेळ्यांचं रक्त दोन महिन्यांनी पुन्हा काढलं. एक पॉझिटिव्ह निघाली, एक निगेटिव्ह. निगेटिव्ह तीच पाठ होती, आणि बादलीवरची असल्यामुळे मी तिला लगेच कळपात सोडू दिलं नाही. पुढच्या फेरीपर्यंत ती एकटी एका कोपऱ्यात राहिली.

सहा महिन्यांच्या फेरीत निगेटिव्ह गटात दोन नव्या पॉझिटिव्ह आल्या. दोन्ही पाठी, दोन्ही बादलीवरच्या. दादा खचले. "एवढं करून पुन्हा?" मी त्यांना पायरीवरच्या गणिताची आठवण दिली. हा नवा संसर्ग नसावा, जुन्या बादलीचाच उशिरा उमटलेला ठसा असावा. कोपऱ्यातली पाठ मात्र पुन्हा निगेटिव्ह आली आणि कळपात गेली.

मग पावसाळा आला. जुलैमध्ये एका रात्रीत मागच्या शेडचा पत्रा उडाला. ओढ्याला पूर होता, माणसं मिळेनात, आणि भिजलेल्या शेळ्या मरण्यापेक्षा म्हणून दादांनी सगळ्या पुढच्या शेडमध्ये घेतल्या. अकरा दिवस दोन्ही गट एका गव्हाणीवर, एका पाण्यावर. त्यांनी मला फोन करून सांगितलं, लपवलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. त्यानंतरच्या फेरीत एक जुनी गावठी शेळी पॉझिटिव्ह आली. दीर्घकाळ जवळ राहिल्याने, नाकातोंडाच्या स्रावांतूनही हा विषाणू जातो, दुधाच्या मानाने फार हळू. ते अकरा दिवस की त्याआधीची अडीच वर्षं, हे त्या एका निकालावरून ठरत नाही. पण मागच्या शेडचं छप्पर आता लोखंडी पट्ट्या टाकून बांधलंय.

चौथ्या फेरीत एकही नवी नाही.

स्वित्झर्लंडने देशभर हेच केलं, 1980 च्या दशकापासून. रक्त, वेगळं ठेवणं, चीक तापवणं, पुन्हा रक्त. तिथेही वर्षानुवर्षं लागली, आणि तिथे सरकार पाठीशी होतं. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम लाळखुरकूत, ब्रुसेलोसिस, पीपीआर यांच्यासाठी आहेत आणि त्यांचा प्राधान्यक्रम योग्यच आहे. सीएईची तपासणी शेळीपालकाच्या खिशातून होते. म्हणून मी आता दुधाच्या शेळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती करतो, की आणण्याआधी रक्त तपासा, आणून दोन महिने वेगळी ठेवा, आणि पुन्हा तपासा. नऊ शेळ्यांचे अठरा नमुने या कळपाच्या दोन वर्षांच्या खर्चापुढे काहीच नव्हते.

आज मागच्या शेडमध्ये सहा शेळ्या उरल्या आहेत. बाकीच्या वय झाल्यावर किंवा गुडघे धरल्यावर गेल्या. तिसऱ्या फोनवाली शेळी अजून आहे. तिच्या गुडघ्याचा घेर मी दर भेटीत त्याच टेपने मोजतो, गेल्या वर्षभरात तो अर्धा सेंटीमीटर वाढलाय. ती आता फारशी चालत नाही, तिच्यासाठी चारा जमिनीपासून वर बांधलेला असतो आणि खाली जाड पेंढा. पौषात ती पुन्हा विणार आहे. थर्मास धुऊन फडताळात उलटा ठेवलेला मी परवा पाहिला.